चार घरांची बंदूक

“बंदुकीचं ट्रस्ट? काका, बंदुकीला काय शाळा काढायचीय का दवाखाना?”

“शाळा काढायची आसती तर तुला इचारलं नसतं. दहावीला तीनदा बसलेला माणूस तू.”

“काढा आता माझी दहावी. दुकानात गिऱ्हाईक उभं हाय, तरी काढा.”

पालमच्या बसस्टँडामागच्या गल्लीत महारुद्रचं जळक्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं. गिऱ्हाईक खरंच उभं होतं. विहिरीतली मोटार खांद्यावर घेऊन आलेला तो माणूस चुलत्या-पुतण्याचं भांडण फुकटात ऐकायला मिळतंय म्हटल्यावर मोटार खाली ठेवायचंही विसरला होता. महारुद्रने तांब्याच्या तारेचं वेटोळं हातातून बाजूला टाकलं आणि आवाज जरा खाली आणला. अण्णाचा, म्हणजे बापाचा, वारस मी, परवाना माझ्या नावावर होऊ द्या, बंदूक ठाण्यातून सोडवून आणतो, विषय संपला, असं त्याचं म्हणणं. ते तो आठवड्यात चौथ्यांदा सांगत होता.

“नाव तुझं झालं की बंदूक तुझी झाली,” दिनकरराव म्हणाले.

“चार घरांची पाळी हाय की. मी काय पाळी न्हाई म्हनलो का?”

“अण्णानं पाळी पाळली. तू पाळशील ह्याचा कागद कुठाय?”

महारुद्रने खांद्यावर मोटार असलेल्या माणसाकडे पाहिलं, जणू पंच म्हणून त्यालाच उभा केला होता. “ऐका. सख्ख्या पुतण्याला कागद मागायलेत.”

त्या माणसाने मान हलवली. कोणाच्या बाजूने, ते त्यालाच ठाऊक.

दिनकररावांनी कुणालाही कागद मागितला असता. तो त्यांचा स्वभावच होता आणि पोटापाण्याचा धंदाही. खडकटाकळीला त्यांनी चौतीस वर्षं कोतवालकी केली. कोतवाल म्हणजे तलाठ्याचा उजवा हात, आणि तलाठी रजेवर गेला की डावाही. नोटिसा वाटायच्या, मोजणीला साखळी धरायची, दप्तराचे गठ्ठे खडकटाकळीहून पालमला आणि पालमहून परत खडकटाकळीला वाहायचे. ह्या वाहण्यात त्यांना एक गोष्ट कळली होती. माणूस मरतो, बांध सरकतो, झाड वठतं, पण सातबाऱ्यावरचं नाव कोणी हलवल्याशिवाय हलत नाही. तेव्हापासून त्यांचा माणसांपेक्षा कागदावर भरवसा बसला.

तालुक्याला त्यांचं दुसरंही एक नाव होतं. गारपिटीच्या एका वर्षी पंचनाम्यावर पंच म्हणून सही करायची वेळ आली, आणि दिनकररावांनी पेन टोपणात घातलं. जे शेत आपण पाहिलंच नाही त्याच्यावर सही करत नसतो, म्हणाले. जीप परत फिरवावी लागली, संध्याकाळपर्यंत चिखलातून सगळी शेतं तुडवावी लागली, आणि त्यात एक शेत निव्वळ पडीक निघालं. त्या दिवसापासून कचेरीत त्यांना सगळे ‘बघून सही’ म्हणायला लागले. सुरुवातीला चिडवायला, पुढं नुसतं ओळखायला. दिनकररावांना ते मनातून आवडायचं. वरून ते कपाळाला आठी घालायचे.

बंदूक त्यांच्या वडिलांची, सटवाजींची. ठासणीची, लांब नळीची. दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून ठासून भरायचे आणि मग बार काढायचा. गोदाकाठच्या झुडपांतून रानडुकरं यायची आणि एका रात्रीत भुईमुगाचं रान नांगरल्यासारखं करून जायची, म्हणून शेतीच्या राखणीसाठी परवाना काढलेला. परवान्यावर शेतांचे गट नंबर लिहिलेले होते. सटवाजींच्या मागं थोरल्या पंडितरावांच्या नावावर तो झाला. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

मग दोन हजार सहा साली चार भावांची वाटणी झाली. पंडितराव, दिनकरराव, सिताराम आणि धाकटा रंगनाथ. जमीन मोजून झाली, बैल गेले, भांडी गेली, विहिरीच्या पाण्याची पाळी ठरली. बंदुकीपाशी येऊन पंच अडले. सितारामचं रान नदीकडं, डुकरं आधी तिथंच शिरतात, म्हणून त्याला ती पाहिजे. रंगनाथला पाहिजे कारण सितारामला पाहिजे. अण्णा गप्प. दुपार कलली तरी कोणी उठेना. तेव्हा दिनकररावच म्हणाले, पाण्यासारखं करू. पाळी लावू.

शंभराच्या स्टॅम्पावर वाटणीपत्र त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. अकरावं कलम असं होतं: ‘ठासणीची बंदूक चौघांत सामाईक असून ती दरसाल गुढीपाडव्यास पाळीने एकेका भावाचे घरी राहील, त्यास कोणी हरकत घेणार नाही.’ खाली चौघांच्या सह्या, दोन पंच. परवान्यावर गट नंबर चारही भावांच्या शेतांचे होते. म्हणजे बंदूक शेतांची, आणि शेतं चौघांची. यात बेकायदा काही असेल हे दिनकररावांच्या स्वप्नातही आलं नाही. उलट इतकं चोख कलम आपण कसं लिहिलं याचंच त्यांना पुढं कितीतरी वर्षं कौतुक वाटत राहिलं.

त्या वाटणीपत्रात चौदा कलमं होती. तेरा मोडली. बांधावरून रंगनाथ आणि सितारामचं बोलणं बंद झालं. विहिरीवरचा पाइप कोणीतरी कापला, आणि कोणी कापला हे सगळ्यांना माहीत असूनही कोणी सांगितलं नाही. सामाईक रस्त्यावर काटे पडले. अकरावं कलम मात्र टिकलं. पाडव्याच्या सकाळी ज्याच्या घरी बंदूक असायची तो ती धुतलेल्या धोतरात गुंडाळून पुढच्याच्या घरी न्यायचा. त्या घरची बाई उंबऱ्यावर तिला हळदकुंकू लावायची. गुढीला बांधतात तशी साखरेची गाठी नळीला बांधायची. आणि ज्याच्या घरी ती यायची त्याच्याकडं चारही घरांचं जेवण. रंगनाथ आणि सिताराम एका पंगतीत बसायचे, एकमेकांकडं न बघता, पण बसायचे. पोळी वाढताना सितारामची बायको रंगनाथला विचारायची, भाऊजी, आणखी घ्या. तो म्हणायचा, बस वहिनी. वर्षभरात त्या दोन घरांचं बोलणं तेवढंच.

बंदुकीचा बार म्हणाल तर वर्षात दोन-तीनदा, तोही आभाळात. डुकरं पळायची आणि आठ दिवसांनी परत यायची.

मागच्याच्या मागच्या श्रावणात अण्णा गेले. त्या साली पाळी दिनकररावांची होती. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी बंदूक धोतरात गुंडाळली, एसटीत बसले आणि पालमच्या ठाण्यात जमा करून पावती घेतली. परवानेवाला वारला की असंच करायचं असतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि आपण किती नियमानं वागतो हे त्यांनी घरी आल्यावर नर्मदाबाईंना सांगितलंही. पण तेराव्याच्या पंगतीत महारुद्र कोणाला तरी म्हणाला होता, “माझ्या बापाची बंदूक हाय ती.” सहज म्हणाला असेल. दिनकररावांच्या हातातला घास तिथंच थांबला.

आणि मग पाडवा आला. बंदूक ठाण्यात. पाळी सितारामची, पण घरी यायला काही नव्हतंच. नर्मदाबाईंनी सगळ्यांना निरोप धाडला, आमच्याकडं जेवायला या म्हणून. पुरण घातलं. रंगनाथने कळवलं, सिताराम येणार असला तर मी येत नाही. सितारामने कळवलं, अंग मोडून आलंय. अण्णांच्या घरी वर्ष सरलं नव्हतं, त्यांचं यायचं नव्हतंच. तीन घरांत तीन गुढ्या उभ्या राहिल्या, आणि दिनकररावांनी आठ माणसांच्या पुरणासमोर बसून दोघांपुरतं जेवण केलं.

त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात भुंगा शिरला.

ट्रस्टची कल्पना त्यांना परभणीत सुचली, पैसे काढायच्या रांगेत. बँकेच्या दारात एक वॉचमन बंदूक घेऊन स्टुलावर बसला होता. दिनकररावांनी विचारलं, ही तुमची का? तो म्हणाला, न्हाई काका, बँकेची. मी सुट्टीवर गेलो की दुसरा धरतो. दिनकररावांनी रांग सोडली आणि त्याच्यापाशी जाऊन हे परत एकदा नीट वदवून घेतलं. बंदूक बँकेच्या नावावर. माणूस बदलतो, बंदूक तीच. म्हणजे पाळीच की. मग चार घरांची मिळून एक संस्था काढायची, बंदूक संस्थेच्या नावावर करायची, आणि पाडव्याला वॉचमन बदलायचा. पैसे न काढताच ते बाहेर पडले. वाटेत एका टपरीवर बसून वहीच्या पानावर त्यांनी नावही लिहिलं: ‘कै. सटवाजी शेतीरक्षण न्यास, खडकटाकळी’.

त्यानंतरचे चार महिने कसे गेले ते दिनकररावांच्या पिशवीने सांगितलं असतं. पहिल्या खेपेला तिच्यात सहा कागद होते, शेवटी शेवटी तिचा बंद तुटला. धर्मादाय कार्यालयात एका शांत माणसाने अर्ज वाचला आणि विचारलं, उद्देशाच्या रकान्यात तुम्ही ‘बंदूक सांभाळणे’ लिहिलंय, याचा लोकांना उपयोग काय? दिनकरराव म्हणाले, डुकरं पळतात. माणसाने समजावलं की न्यास लोकांच्या भल्याचा असावा लागतो, चार भावांच्या भल्याचा नाही. शिवाय बंदूक न्यासाची मालमत्ता म्हणून दाखवायची तर आधी न्यासाच्या नावावर परवाना पाहिजे. तुमचं जवळपास एखादं देऊळ आहे का, देखभालीचं? दिनकररावांना वाटलं थट्टा करतोय. तो करत नव्हता. घरी येऊन त्यांनी नर्मदाबाईंना विचारलं, बंदुकीला आता देऊळ बांधू का म्हणतीस? नर्मदाबाई म्हणाल्या, बांधा, नवस मी बोलते, तुमाला एकदाचं घरी बसू दे म्हणून.

दुय्यम निबंधकाकडं गेले, तर तिथं कळलं की घरगुती न्यासाचा दस्त नोंदवता येईल, पण परवाना नसलेल्या हत्याराचा दस्त करून उपयोग काय? आधी शस्त्र परवान्याच्या खिडकीवर विचारा. खिडकीवर सांगितलं, अर्ज संस्थेचा असेल तर आधी संस्था नोंदवून आणा. दिनकरराव ह्या दारातून त्या दारात फिरत राहिले, आणि प्रत्येक दारात त्यांना जाणवायचं की काउंटरच्या ह्या बाजूचा वारा वेगळा असतो. चौतीस वर्षं ते त्या बाजूला उभे होते. तिथून लोक किती घाई करतात असं वाटायचं.

पाचव्या खेपेला खिडकीवरच्या लिपिकाने त्यांना आत बोलावून खुर्ची दिली. एवढा वयस्कर माणूस पालमहून येतो-जातो, एकदा नीट समजावून सांगू असं त्याच्या मनात आलं असावं. त्याने सांगितलं की संस्थेला बंदूक मिळते, नाही असं नाही, पण ती संस्थेच्याच जागेच्या राखणीला, संस्थेतच ठेवायची, आणि ज्याचं नाव कागदावर आहे त्यानेच धरायची. घरोघरी फिरवायची नाही.

“फिरवत न्हाईत साहेब. पाळीनं ऱ्हाती,” दिनकरराव म्हणाले, आणि आपला हुकमाचा पत्ता काढावा तशी वाटणीपत्राची साक्षांकित झेरॉक्स पुढं केली. “हे बघा. अकरावं कलम. एकोणीस वर्षांचा पुरावा हाय. एक दिवस खंड न्हाई.”

लिपिकाने वाचलं. परत वाचलं. मग कागद उलटा करून, पालथा घालून, तो दिनकररावांकडं सरकवला.

“काका, अर्ज अपुरा हाय, म्हणून मी तो घेतलेला न्हाई,” तो म्हणाला. “आणि पुढच्या खेपेला यायच्या आधी हे एखाद्या वकिलाला दाखवा.”

“कामून? नोटरी करायची ऱ्हायली का?”

“दाखवा तर खरं.”

वकील म्हणून दिनकररावांना एकच माणूस माहीत होतं. गावच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवलेल्या नागेश गुरुजींची मुलगी, संघप्रिया. गुरुजींच्या वस्तीत बुद्धविहाराची नोंदणी करताना कागदांचे हेलपाटे दिनकररावांनीच घातले होते, त्यामुळं ती त्यांना लहानपणापासून ओळखायची. परभणीच्या कोर्टाच्या आवारात तिचं एक टेबल आणि दोन खुर्च्या होत्या. दिनकरराव तिला वकीलसाहेब म्हणायचे आणि तिला ते मुळीच आवडायचं नाही.

तिने वाटणीपत्र वाचायला घेतलं. अकराव्या कलमाशी आली आणि हसायला लागली. साखरेच्या गाठीचं ऐकून तर पदराने डोळे पुसले. मग हसता हसता थांबली.

“काका, हे कोणी लिहिलं?”

“मी. कामून?”

“लय स्वच्छ अक्षर हाय,” ती म्हणाली. “पण ह्याला वाटणीपत्र म्हणत न्हाईत. ह्याला कबुलीजबाब म्हणतात.”

दिनकररावांना आधी कळलंच नाही. तिने बोटावर मोजून दाखवलं. परवाना अण्णांचा. अण्णांच्या घरी बंदूक चार वर्षांतून एक वर्ष. उरलेली तीन वर्षं ती ज्यांच्याकडं परवाना नाही त्यांच्या घरी. एकदा-दोनदा नाही, एकोणीस वर्षं. पोलिसाला हे शोधून काढायला जन्म गेला असता. तुम्ही स्टॅम्पावर लिहून दिलंत, पंचांच्या सह्या घेतल्यात, साक्षांकित केलंत, आणि खिडकीवर नेऊन दाखवलंत की एक दिवस खंड नाही.

“पण गट नंबर हाय परवान्यावर. चौघांच्या शेताचे.”

“गट नंबर शेताचे, काका. नाव माणसाचं. बंदूक नावामागं जाते, शेतामागं न्हाई.”

दिनकररावांनी चष्मा काढला. चष्म्याच्या काचा सदऱ्याला पुसल्या, परत घातला, परत काढला. चौतीस वर्षं त्यांनी हेच लोकांना सांगितलं होतं. नाव महत्त्वाचं. कब्जा कोणाचाही असो, नाव बघा.

पुढं काय, असं त्यांनी विचारलं, तर तिने तीन वाटा सांगितल्या आणि तिन्ही सांगताना ती काही खूश दिसत नव्हती. ट्रस्टचा नाद सोडायचा, तो ह्या कामाला लागू नाही. पहिली वाट, महारुद्रने वारस म्हणून परवाना मागायचा आणि बाकी तिघांनी आमचा हक्क नाही असं लिहून द्यायचं. दुसरी, बंदूक सरकारजमा करून टाकायची. तिसरी, सगळं खरं सांगायचं. मग जे होईल ते होईल, आणि त्यात पहिलं नाव अण्णांचं लागेल, कारण परवान्याच्या अटी त्यांनी मोडल्या.

“हक्क न्हाई असं मी लिहून देऊ?” दिनकरराव म्हणाले. “मग पाळी?”

“पाळी कधीच नव्हती, काका. कायद्याच्या डोळ्यानं नव्हतीच.”

“अन् ह्या कागदाचं काय करू? फाडू?”

संघप्रियाने हात वर केले. “ते मला विचारू नका. मी वकील हाय. पण माझ्या टेबलावर ठेवूनही जाऊ नका.”

परतीच्या एसटीत दिनकरराव खिडकीशी बसले, मांडीवर पिशवी. कंडक्टर ओळखीचा होता. त्याने विचारलं, झालं का ट्रस्ट? तोवर सगळ्या रूटला माहीत झालं होतं.

घरी नर्मदाबाई ज्वारी पाखडत होत्या. सगळं ऐकून त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आग लावा त्या बंदुकीला. एकोणीस वर्षांत तिनं एक डुक्कर मारलं नाही, आणि वर्षभर घरात असली की माळ्यावरून उंदीर पळाला तरी आपल्याला वाटायचं बार उडतोय. दिनकरराव म्हणाले, तुला कळत न्हाई. ती गेली की चार घरं एकमेकांच्या उंबऱ्यावर येणार न्हाईत.

“बंदुकीच्या धाकानं जेवायला येत आसतील तर ती भावकी न्हाई, पोलीस चौकी हाय,” नर्मदाबाई म्हणाल्या.

“मागच्या पाडव्याला बघितलंस की.”

 नर्मदाबाईंनी सूप जोरात झटकलं. कोंडा दिनकररावांच्या सदऱ्यावर उडाला.

आठवडाभर दिनकरराव कुठं गेले नाहीत. वाटणीपत्र ट्रंकेत ठेवायचे, काढायचे, अकरावं कलम वाचायचे. आपलंच अक्षर. एका जागी ‘हरकत’ मधला ‘ह’ जरा जास्तच ऐटीत वळवलेला होता. लिहिताना आपण किती खूश होतो ते त्या वळणात दिसत होतं, आणि त्यांना त्या वळणाचा राग यायला लागला. सितारामकडं एकदा विषय काढून पाहिला, तर तो म्हणाला, दादा, माझा हक्क न्हाई म्हणून मी महारुद्रला सही दिली कालच. रंगनाथनेही दिली होती. दोघांनी एकमेकांना न विचारता दिली होती. एवढ्या वर्षांत ते दोघे पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झाले आणि तेही दिनकररावांच्या पाठीमागं.

शनिवारी महारुद्रचा फोन आला, काका, दुकानात येऊन जा.

ह्या वेळी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. महारुद्रने स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. मग काउंटरच्या खणातून एक टाइप केलेला कागद काढून त्यांच्यापुढं ठेवला. तारेचं एक वेटोळं वजन म्हणून वर ठेवलं, पंख्याचा वारा होता म्हणून. संमतीपत्र होतं. सितारामची सही होती, रंगनाथची होती, तिसरी जागा रिकामी. दिनकररावांनी चष्मा चढवला आणि पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली. महारुद्रला माहीत होतं की हे व्हायचंच. चहा येऊन निवाला.

चौथ्या ओळीत आमचा सदर बंदुकीवर हक्क नाही असं होतं. तिथं दिनकररावांनी एक सुस्कारा सोडला आणि पुढं गेले. सहाव्या ओळीत थांबले.

“‘सदर बंदूक ही कै. पंडितराव यांचेच ताब्यात कायम होती व ती कधीही आमचे घरी ठेवण्यात आलेली नाही.’” त्यांनी वर पाहिलं. “हे कोणी घातलं?”

“टायपिंगवाल्यानं. तो म्हनला असंच आसतंय.”

“वकीलबाईनं बघितला का हा कागद?”

“न्हाई. तिला कशाला दाखवायचा, काका? ती ही ओळ काढा म्हनली आसती. मग चौकशीला मानूस आला आन् इचारलं, अण्णा गेले तवा बंदूक कुठं होती, तर? जमा करायला तुमी गेल्ता. पावतीवर तुमचं नाव हाय.”

दिनकररावांनी बोट त्या ओळीवरच ठेवलं होतं. अण्णांच्या शेवटच्या पाडव्याला बंदूक कोणी आणून दिली होती हे त्यांना आठवत होतं. अण्णांनी स्वतः, रंगनाथच्या घरून. रंगनाथचा गुडघा दुखत होता म्हणून. उंबऱ्यावर उभं राहून म्हणाले होते, घे रे बाबा, हिची ट्रान्स्फर आली. नर्मदाबाईंनी गाठी बांधली, आणि अण्णांनी जाता जाता तिच्यातली एक पाकळी मोडून तोंडात टाकली.

“मी ह्याच्यावर सही केली, तर ती माझ्या घरी आलीच न्हाई,” ते म्हणाले. “एकदाबी.”

“कागदावर, काका.”

“मग अजून कुठं?”

महारुद्र खुर्ची ओढून जवळ बसला. ह्या वेळी त्याच्या आवाजात भांडण नव्हतं, आणि दिनकररावांना त्याचाच जास्त त्रास झाला. तो सांगत राहिला. सही झाली की दोन-तीन महिन्यांत परवाना होईल. बंदूक घरी येईल. पाडव्याला चारही घरांना जेवायला बोलावू, माझ्याकडं, दरसाल, मी शब्द देतो. बंदूक माझ्याच कपाटात राहील, नियमानं, पण त्या दिवशी बाहेर काढू, काकूच्या हातानं गाठी बांधू. सही नाही झाली, तर एक दिवस कोणीतरी चौकशी करणार, आणि मेलेल्या माणसाचं नाव फायलीत जाणार. अण्णाचं. तुमच्या कलमामुळं.

“शब्द तोंडी,” दिनकरराव म्हणाले.

“हो, तोंडी. पुतण्याचा तोंडी शब्द. त्याच्यावर स्टॅम्प बसत न्हाई.”

बाहेर स्टँडवर कोणतीतरी गाडी लागली, कंडक्टर सोनपेठ, सोनपेठ म्हणून ओरडत होता. महारुद्रने पेन काढलं, टोपण काढून ठेवलं, कागदाच्या रिकाम्या जागेशी आडवं केलं. दिनकररावांनी ते उचललं. टोकाकडं पाहिलं. मग टोपण शोधलं, लावलं, आणि पेन परत होतं तिथं ठेवलं.

“काका,” महारुद्र म्हणाला. तो आता खरंच दमला होता. हातावरचं वार्निश तो नखाने खरवडत होता. “एक डाव खरं सांगा. तुमाला काय पायजे? बंदूक पायजे, का चार घरं पायजेत, का तुमचं नाव ‘बघून सही’ ऱ्हायला पायजे?”

दिनकररावांनी तारेचं वेटोळं उचलून बाजूला ठेवलं. संमतीपत्राची तिहेरी घडी घातली, कडा नखाने दाबून, जशी सरकारी कागदाची घालतात तशी. ते पिशवीत टाकलं, वाटणीपत्राच्या शेजारी. पिशवीचा तुटका बंद मनगटाला गुंडाळला. चहाचा कप सरकवून काउंटरच्या आतल्या कडेला लावला, पडू नये म्हणून.

“काका, सही न्हाई तर न्हाई. माझा कागद तरी ठिवा, दोघांच्या सह्या हायेत त्याच्यावर.”

दिनकररावांनी दुकानाची पायरी उतरून चपला घातल्या आणि स्टँडाच्या बाजूला चालायला लागले.

“काका.”

त्यांनी मागं पाहिलं नाही.